मधला कप्पा

पेरणीला बावीस दिवस झाले त्या सकाळी वरच्या कप्प्यातली टोमॅटोची रोपं सरासरी चौदा सेंटिमीटर उंच होती, खालच्या कप्प्यातली साडेचौदा आणि मधल्या कप्प्यातली नऊ. वरची आणि खालची रोपं एकमेकांच्या अंगावर रेलून पडली होती. मधली आपापल्या खोडावर ताठ उभी होती. बी एकाच पाकिटातलं होतं. पेरणी एकाच बैठकीत झाली होती. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकाच पोत्यातलं, पाणी एकाच झारीतलं, आणि प्रत्येक कप्प्यावर, घराघरांत असतात तसलेच, नऊ वॉटचे चार एलईडी बल्ब रोज चौदा तास चालू होते.

प्रीती मगरेने पट्टी पुसून ठेवली आणि आकडे वहीत लिहिले. त्यांच्यापुढे काही लिहिलं नाही. जाफराबादच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला येण्यापूर्वी तिने जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं काढली होती. ओल्या कागदावर बी मांडायचं, उगवलेले कोंब मोजायचे आणि न उगवलेल्यांबद्दल मत देण्याआधी पुन्हा एकदा मोजायचे, हे तिथलं काम. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

"मॅडम, सांगा ना," इंद्रायणी म्हणाली. "मधल्यातच असं काऊन झालं?"

"माहीत नाही."

"इतकं शिकून?"

"इतकं शिकले म्हणूनच माहीत नाही म्हणते. नाहीतर काहीतरी सांगून मोकळी झाले असते."

इंद्रायणी ही प्रीतीची घरमालकीण. प्रीती वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. खाली इंद्रायणी, तिचा नवरा गोरक्षनाथ आणि सासरे धुळाजी; त्यांना ती मामा म्हणायची. घरामागच्या खोलीत पूर्वी लोकर आणि घोंगड्या असत. दोन वर्षांपूर्वी मेंढरं विकली, खोली रिकामी झाली, आणि इंद्रायणीच्या डोक्यात रोपवाटिका शिरली. बंद पडलेल्या एका दुकानाचा लोखंडी रॅक तिने मिळवला. मोबाइलवरच्या व्हिडिओत जांभळ्या उजेडाचे खास दिवे दाखवत होते. त्यांची किंमत ऐकून ती वर प्रीतीकडे आली होती. प्रीतीने सांगितलं, की झाड दिव्याच्या खोक्यावरचं नाव वाचत नाही. त्याला निळा उजेड लागतो आणि तांबडा लागतो, आणि साध्या पांढऱ्या बल्बमध्ये दोन्ही असतात. रोपं महिन्याभरात बाहेरच जाणार असतील तर एवढ्यावर भागतं. बल्ब मात्र वीतभर अंतरावर हवेत.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. रोपं उगवली, हिरवी झाली. आणि मग दोन कप्प्यांतली ताडमाड वाढून पडली.

पडलेलं रोप शेडनेटमध्ये लावता येत नाही, आणि इंद्रायणीची सगळी मदार शेडनेटवर होती. जाफराबादच्या आसपास शेडनेटखाली संकरित टोमॅटोचं बी तयार करतात. त्यासाठी कंपनी शेतकऱ्याला मादीच्या वाणाचं एक पाकीट आणि नराच्या वाणाचं एक पाकीट देते. बी वजनावर नसतं, मोजून असतं; मेलं तर दुसरं मिळत नाही. मागच्या वर्षी इंद्रायणीने नणदेच्या दिराचं असं पाकीट उघड्या वाफ्यावर पेरलं होतं. पांढरी माशी आली, पानं मुरडली, निम्मी रोपं उपटून फेकावी लागली. "इंद्रायणीकडं बी दिऊ नका, ती त्याची चटणी करती," हे वाक्य त्यानंतर तीन लग्नांत आणि एका तेराव्यात ऐकू आलं. तरीही यंदा तीन शेतकरी तयार झाले होते. चौदा ऑगस्टला ते आपली पाकिटं घेऊन येणार होते. ही रोपं गेली तर चौथा कुणी येणार नव्हता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मंग सगळेच ट्रे मधल्यात ठेवू," ती म्हणाली.

"मधल्यात मावतात किती?"

"दोन."

"लागणार किती?"

"आठ."

प्रीतीने वही मिटली. कारण न कळता हाती लागलेलं यश मधल्या कप्प्याएवढंच लांबरुंद असतं.

कारणं सांगणाऱ्यांची मात्र वानवा नव्हती. इंद्रायणीचा संशय पिवळ्या बल्बवर होता. बारा बल्ब आणताना दुकानदाराकडे पांढरे अकराच निघाले, म्हणून त्याने एक पिवळसर उजेडाचा दिला होता, आणि तो नेमका मधल्या कप्प्यात लागला होता. गोरक्षनाथाचं कारण वेगळं होतं. तो जाफराबाद ते भोकरदन जीप चालवायचा आणि प्रवाशांना ऐकवून घासलेलं शास्त्र घरी आणायचा.

"मॅडम, मधल्या लेकराचे कोणी लाड करत न्हाई. म्हणून ते बुटकं ऱ्हातं, पण मजबूत व्हतं. मी मधलाच है."

"तुम्ही बुटके नाही," प्रीती म्हणाली.

"अन् मजबूत तर बिलकुल न्हाई," इंद्रायणी म्हणाली. "परवा सिलिंडर उचलता येईना."

प्रीतीचे वडील तातेराव अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. कुणी उसाचं कांडं चावून 'काय गोड आहे' म्हणालं, की ते विचारत, "ते तुमचं मत झालं. ब्रिक्स किती?" रसातली साखर मोजायचं ते एकक. घरातली चार भावंडं या प्रश्नाला वैतागली. पाचवी प्रीती त्याच प्रश्नावर वाढली. तिने वहीत यादी केली. बी. कोकोपीट. पाणी. बल्ब. बल्बचं अंतर. उजेड, तो तिने मोबाइलवरच्या मापकाने मोजला. मोबाइलचा आकडा खोटा असेल, पण तिन्ही ठिकाणी सारखाच खोटा, म्हणजे तुलनेपुरता खरा. तापमान: खाली सव्वीस, मध्ये सत्तावीस, वर सत्तावीस. ट्रेचा रंग. भिंतीची ओल. उंदीर आणि पाली. वारा, इथे तिने क्षणभर विचार केला. वाऱ्याने हलणारी झाडं आखूड आणि दणकट होतात, हे ती वर्गात दरवर्षी शिकवायची. पण खोलीची खिडकी माशीच्या भीतीने कायम बंद होती आणि पंखा नव्हताच. वारा तिन्ही कप्प्यांत शून्य. तिने तो खोडला.

ही यादी होत असताना धुळाजी रॅकला लागून टाकलेल्या बाजेवर बसून होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मेंढरं गेल्यापासून घरात त्यांना नेमून दिलेलं काम असं उरलं नव्हतं, म्हणून इंद्रायणीने ही खोली त्यांच्या हवाली केली होती. रोपांवर ध्यान ठेवायचं, मांजर आत येऊ द्यायचं नाही.

"चहा घेता का, बाई?" त्यांनी विचारलं.

"नको, बाबा. तुम्ही बसा."

ते बसलेच होते.

दुसरी पेरणी अठ्ठावीस जूनला झाली. प्रीतीने बल्ब अदलाबदल केले: पिवळा खाली आणला, मधले वर नेले. ट्रेवर आकडे टाकून त्यांची जागा बदलली. बी नव्या पाकिटातलं घेतलं. दर दिवसाआड प्रत्येक ट्रेमधली खूण केलेली दहा रोपं मोजून इंद्रायणीने तक्ता भरायचा, असं ठरलं. पिवळा बल्ब हे कारण असेल तर खालची रोपं बुटकी राहतील. ट्रे हे कारण असेल तर बुटकेपणा ट्रेसोबत फिरेल.

पहिल्या दहा दिवसांतच दिसलं, की दोन्हीपैकी काहीच नाही. बुटकी रोपं पुन्हा मधल्याच कप्प्यात होती. म्हणजे कारण वस्तूत नव्हतं, जागेत होतं. प्रीतीला बरं वाटलं. जागेची तपासणी सोपी असते. जागा कुठे जात नाही.

बाविसाव्या दिवशी इंद्रायणी तक्ता घेऊन वर आली ती रडवेली होऊन.

"मॅडम, आता तर मधलंबी बिघडलं. वरचं चौदा, खालचं चौदा, मधलं साडेअकरा. त्यातली बी निम्मी वाकून राह्यली. पंचवीस दिवस ऱ्हायले फक्त. मी त्या लोकांना फोन करून नको म्हणू का?"

"थांब. बिघडलं हे चांगलं झालं."

"काय चांगलं?"

"जे कायम सारखं राहतं त्याचं कारण सापडत नाही. बदललं की सापडतं."

तिने तक्त्यावरून आलेख काढला. तीन रेघा. वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या रेघा हातात हात घालून चढत गेल्या होत्या. मधल्याची रेघ सुरुवातीपासून सपाट चालली होती. मग दहा जुलैला ती अचानक उठली आणि आठ दिवस इतर दोघींच्या वेगाने चढली. अठरा जुलैनंतर पुन्हा सपाट. आकडा बावीस दिवसांचा होता, पण बिघाड आठच दिवसांचा होता.

"इंद्रायणी, दहा ते सतरा जुलै या घरात काय वेगळं झालं?"

"काही न्हाई."

"लाईट गेली होती?"

"ती रोजच जाती. इन्व्हर्टर है की."

"पाणी दुसरं वापरलं?"

"न्हाई."

"खत? फवारणी? खिडकी उघडली?"

"बिलकुल न्हाई. तुम्हीच तर दम दिल्ता." इंद्रायणीने बोटांवर दिवस मोजले. "यांची जीप दोन दिवस गॅरेजला व्हती. मी एक दिवस शेंगा फोडायला शेजारी गेल्ते. अन् मामा घनसावंगीला गेल्ते, नणदेच्या नातवाचं बारसं व्हतं ना. ते कुठं लवकर येतात, लेकीनं ठिवून घेतलं."

"कधी गेले? कधी आले?"

"नऊच्या सांजच्याला गेले. सतराला आले."

प्रीतीने त्या दोन तारखा आलेखावर लिहिल्या. तिने खोलीतल्या पालींचा विचार केला होता. भिंतीच्या ओलीचा केला होता. दिवसाचे दहा तास रॅकपासून हातभर अंतरावर बसणाऱ्या माणसाचा केला नव्हता. त्याने चहा विचारला तेव्हाही तो तिला माणूस म्हणून दिसला, कारण म्हणून नाही. यादी खोलीतल्या वस्तूंची होती, आणि म्हातारा तिने नकळत खोलीतच जमा धरला होता. किंवा त्याहून वाईट, धरलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती एकटीच मागच्या खोलीत गेली. ट्रे अजून जागेवर होते. धुळाजी बाजेवर होते.

"बाबा, तुम्ही रोपांना हात लावता का?"

"न्हाई," धुळाजी म्हणाले. उत्तर फार पटकन आलं.

प्रयोगशाळेत ती एक गोष्ट शिकली होती: उत्तर चुकलं की आधी प्रश्न तपासावा.

"मग दिवसभर इथे काय करता?"

"बसतो."

"आणि?"

"मांजर हाकलतो."

"मांजर दिवसातून किती वेळा येतं?"

धुळाजी विचारात पडले. "मांजर तर उन्हाळ्यातच मेलं, बाई."

"मग हाकलता काय?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे सून तिकडे होती.

"मोजतो," ते म्हणाले.

"मोजून दाखवता?"

ते बाजेवरच जरा पुढे सरकले. बसल्या बसल्या मधला कप्पा बरोबर त्यांच्या छातीसमोर येत होता. उजव्या हाताची बोटं त्यांनी फाकवली आणि ओळीतल्या पहिल्या रोपापासून शेवटच्या रोपापर्यंत शेंडे तळव्याखाली घेत हात सावकाश नेला. रोपं वाकली, हाताखालून निघाली, पुन्हा उभी राहिली. ओठ मिटलेले. मग दुसरी ओळ. दर वीस रोपांना डाव्या हातातला एक खडा मांडीवर पडत होता.

"चार इसा आन अठरा," ते शेवटी म्हणाले. म्हणजे अठ्ठ्याण्णव. ट्रेला अठ्ठ्याण्णवच खाचा होत्या.

"हे हात लावणं नाही का?"

"हात लावणं म्हंजे उपटणं, खुडणं, हलवणं. हे मोजणं है." त्यांच्या आवाजात किंचित नाराजी होती. "मेंढरं सांजच्याला वाड्यात शिरतात तवा एकेकाच्या पाठीवरून हात गेला पायजेल. तोंडानं आकडा बोलायचा न्हाई. माझा आज्जा म्हनायचा, बोललेला आकडा दुसरं कोणीतरी ऐकतं. मंग एखादं कमी व्हतं."

कोण ऐकतं, हा प्रश्न प्रीतीच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला. तिला हवं होतं ते त्यात नव्हतं.

"दिवसातून किती वेळा मोजता?"

"बराबर येईस्तोवर. डोळा मधीच दगा देतो, खडा चुकतो. मंग पयल्यापासून. धा येळा व्हतं. कधी बारा, पंधरा. दुसरं काम काय है मला?"

"आणि वरचा ट्रे? खालचा?"

 मांडीवरचे खडे धुळाजींनी एकेक करून मुठीत घेतले.

"वरी हात पुरत न्हाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आन खाली वाकलो तं उठवाया दोन माणसं लागतात. सूनबाईनं तिन्ही सांभाळा म्हन्लं व्हतं. मी येकच सांभाळला. ते दोन पडले ते माझ्यानंच पडले. तिला सांगू नका."

एवढ्यासाठी ते 'न्हाई' म्हणाले होते. महिना-दीड महिना हा माणूस या खोलीत एक चोरी उरावर घेऊन बसला होता, आणि ती चोरी म्हणजे गुडघ्यांचं दुखणं होतं.

"सांगावं लागेल, बाबा," प्रीती म्हणाली. "पण तुम्ही समजता ते नाही. दोन पडले हे तुमच्यामुळे नाही. एक उभा राहिला तो तुमच्यामुळे असावा. 'असावा' म्हणते आहे, 'आहे' नाही. ते अजून बघायचंय."

इंद्रायणीला कळलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत सासऱ्यांच्या पाया पडायला निघाली. गोरक्षनाथ जीपची किल्ली फिरवत म्हणाला, "मी म्हन्तच व्हतो. बाबाच्या हाताला बरकत है. त्यांच्या हाताखालचं कोकरू कधी मेलं न्हाई."

"परवा तर म्हणत होतात मधल्या लेकराचं."

"ते बी खरंच है."

"बरकत नंतर बघू," प्रीती म्हणाली. "आधी अर्धा ट्रे बघू."

तिसऱ्या पेरणीला वेळ मोजकाच होता: बावीस जुलै ते बारा ऑगस्ट. प्रीतीने मधल्या ट्रेच्या बरोबर मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत उभी केली. खिडकीकडच्या सात ओळी धुळाजींनी मोजायच्या. भिंतीकडच्या सात ओळींना कुणी बोट लावायचं नाही. म्हाताऱ्याचा श्वास, अंगाची ऊब, बसण्याची जागा, जे काही असेल ते दोन्ही अर्ध्यांना सारखं. फरक फक्त स्पर्शाचा. खालच्या ट्रेचेही असेच दोन भाग. त्यातल्या एका भागावरून इंद्रायणीने दिवसातून तीनदा, दर वेळी चार फेऱ्या, घडी घातलेलं वर्तमानपत्र अलगद फिरवायचं. वरचा ट्रे तसाच.

धुळाजींना हे पटलं नाही.

"अर्धाच कळप मोजायचा? उरल्याल्यांनी काय पाप केलं?"

"काहीच नाही. म्हणूनच त्यांना सोडायचं."

"आन ते खाली पेपर फिरवणं? कागदाला काय कळतं?"

"काही कळत नाही. तेच बघायचंय."

असं म्हणून ती थांबली. या प्रयोगाचं उत्तर काहीही आलं तरी तिच्या वहीत जाणार होतं, पण म्हाताऱ्याच्या अंगावर पडणार होतं. कागदाने काही झालं नाही, तर हातात काहीतरी आहे असं म्हणावं लागेल आणि ते काय हे शोधायला दिवस उरणार नव्हते. कागदानेही तेच झालं, तर घरातल्या सगळ्यांनी कालपासून डोक्यावर घेतलेला हात रद्दीच्या भावाचा ठरेल. ज्याला किंमत द्यावी लागणार त्याला आधी सांगितलं पाहिजे, असं तिला वाटलं.

"बाबा, समजा कागदानेही तसंच झालं. तर?"

धुळाजी ट्रेच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

"मंग वरचं बी व्हईल की, आन खालचं बी," ते म्हणाले. "माझ्यानं ते व्हत न्हवतं."

बारा ऑगस्टला मोजणी झाली. कुठलं रोप कुठलं हे माहीत असलं की पट्टी आपल्या मताकडे झुकते, हे प्रीतीला ठाऊक होतं. म्हणून रोपं काढायचं काम तिने गोरक्षनाथाला दिलं. प्रत्येक भागातली वीस रोपं उपटून त्याने व्हरांड्यात वर्तमानपत्रावर पाच गठ्ठे मांडले, त्यांना स्वतःच्या मनाने आकडे दिले आणि कोणता गठ्ठा कुठला हे एका चिठ्ठीवर लिहून ती खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे बायकोला माहीत नसलेलं काहीतरी होतं, आणि तो ते चेहऱ्यावर मिरवत होता.

"निदान हसू तरी नका," इंद्रायणी म्हणाली. "हसण्यावरून कळतं."

प्रीतीने शंभर रोपं मोजली. उंची पट्टीने, खोडाची जाडी व्हर्नियरने. पाच सरासऱ्या काढल्या: १४.०, ९.२, ९.५, १३.८, १४.१. मग चिठ्ठी उघडली. वरचा ट्रे चौदा. मधल्याचा मोजलेला अर्धा भाग नऊ पूर्णांक दोन, न मोजलेला तेरा पूर्णांक आठ. खालच्याचा कागद फिरवलेला भाग साडेनऊ, न फिरवलेला चौदा पूर्णांक एक. जी आखूड होती त्यांची खोडं जवळपास दीडपट जाड होती.

"म्हंजे?" इंद्रायणीने विचारलं.

"म्हणजे कागद चालतो."

सगळ्यांनी धुळाजींकडे बघायचं टाळलं. त्यामुळे सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"असं उगं बघू नका बाहीर," धुळाजी म्हणाले. "कागद चालतो तं जल्दी कामाला लागा. परवा बी येतंय."

चौदा ऑगस्टला तिघे शेतकरी आपली पाकिटं घेऊन आले. इंद्रायणीने बी त्यांच्यासमोर मोजून घेतलं आणि त्याच दुपारी आठ ट्रे भरले. रॅकच्या शेजारी आणखी एक कप्पा उभा राहिला, त्यावर साधे पांढरे चार बल्ब. जुन्या सुती साडीचा काठ बांबूच्या कामटीला बांधून तिने फिरवायला एक साधन केलं. ते वर पोचायचं आणि खालीही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ती प्रत्येक ट्रेवरून चार-चार वेळा ते नेई. मधल्या कप्प्यातले दोन ट्रे मात्र तिने मागितले नाहीत, सासऱ्यांनीही दिले नाहीत.

पाच सप्टेंबरला अप्पाराव हा तिघांतला सगळ्यात चिकित्सक शेतकरी रोपं न्यायला आला. आल्या आल्या त्याने वरच्या कप्प्यातलं एक रोप मुळासकट उचललं, चिमटीत खोड दाबलं, आडवं धरून पाहिलं. रोप वाकलं नाही. खालच्या कप्प्यातलं उचललं, तेही नाही.

"वाढ रोखायचं कोणतं औषध मारलं?" त्याने विचारलं. "खरं सांगा. औषध मारलेलं रोप मी शेडनेटमधी लावत न्हाई, मागं फसलोय."

"औषध न्हाई मारलं," इंद्रायणी म्हणाली.

"मंग ह्या बल्बानं अशी व्हतात? आमच्या मेव्हण्यानं हेच बल्ब लावले, त्याची तर हातभर वाढून पडली."

इंद्रायणीने जिन्याकडे तोंड करून प्रीतीला हाक मारली. पण ती प्रीती खाली येईपर्यंत थांबली नाही. कामटी हातात घेऊन तिने स्वतःच सगळं सांगितलं, आधी मेव्हण्याचं का पडलं ते आणि मग आपलं का नाही ते. अप्पारावने दोनदा प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं तिला आली. मग त्याने आपले ट्रे जीपमध्ये चढवले, आणि जाताना म्हणाला, की मेव्हण्याला समजेल असं कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं तो मानत नाही.

प्रीतीने वहीचं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं:

'रोपांचं खोड आखूड आणि जाड होण्यात बल्बचा, बियाचा किंवा खताचा संबंध आढळला नाही. उघड्यावर वाढणारं रोप वाऱ्याने दिवसभर हलतं. त्या हलण्याने खोडाची लांबी वाढायचा वेग मंदावतो आणि जाडी वाढते. बंद खोलीत वारा नसतो, म्हणून दिव्याखालचं रोप लांब आणि कमकुवत होऊन पडतं. आमच्या पहिल्या पेरणीत मधल्या कप्प्यातली रोपं एक माणूस दिवसातून दहा ते पंधरा वेळा शेंड्यांवरून हात फिरवून मोजत होता. वरच्या कप्प्यापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता आणि खालच्या कप्प्यासाठी त्याला वाकता येत नव्हतं. फरकाचं कारण एवढंच.'